नालबंदाचा डोळा

बैल पाडून त्याच्या खुरांना नाल ठोकणाऱ्या माणसाला लाथ बसणं ही मंगरूळपिरात काही बातमी नव्हती. मेहबूबच्या बापाच्या बरगड्या अशाच गेल्या होत्या आणि आजोबा मरेपर्यंत लंगडत होता. त्यामुळे ऐन कापसाच्या हंगामात सोमलाच्या बैलाचा खूर मेहबूबच्या डाव्या डोळ्याखाली बसला, तेव्हा जमलेल्या गाडीवानांनी त्याचे दात तेवढे पाहिले. ते शाबूत निघाले म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मेहबूबने तोंडावर पाणी मारलं, बैलाचे उरलेले खूर पुरे केले आणि मगच घरी जाऊन आडवा झाला.

चूक सोमलाची होती, पण त्याला तरी काय बोलायचं. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हा गाडीवान कापूस घेऊन कारंज्याच्या बाजाराला निघालेला, बैलांवर पोटच्या पोरासारखी माया करणारा. पाडलेला बैल धापा टाकायला लागला तसं त्याला राहवलं नाही आणि त्याने पायाची गाठ जराशी सैल केली. बैलाला तेवढंच पुरलं.

घरी आई रहमतबीने हळद आणि तुरटीचा लेप घातला, बायको हुस्नाबानोने रात्रंदिवस ओल्या पट्ट्या ठेवल्या. सूज उतरली, काळानिळा रंग पिवळा झाला आणि रहमतबीने मोहल्ल्यात साखर वाटली. हुस्नाच्या तोंडात मात्र ती साखर विरघळेना. सूज उतरल्यावर नवऱ्याचा डोळा आत गेलेला तिला दिसत होता. आत आणि किंचित खाली. तो लोट्यातून पाणी ओतायचा तेव्हा धार पेल्याच्या शेजारी पडायची आणि तो काही झालंच नाही असं दाखवत पायाने ती जागा पुसून टाकायचा.

मग एक दिवस त्याने ठोकलेला खिळा बैलाच्या खुरात जिवंत मांसापर्यंत गेला. बैल तीन पायांवर उड्या मारत निघाला आणि त्याचा मालक दारात येऊन जे बोलला ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. नालबंदाच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या असं झालं नव्हतं. रहमतबी तोंडाला पदर लावून आत जाऊन बसली.

"काय झालं ते मले तरी सांगा," हुस्ना हळूच म्हणाली.

मेहबूब बराच वेळ हातोडीच्या दांड्याशी चाळा करत राहिला. "मले दोन खिळे दिसून राह्यले," तो शेवटी म्हणाला. "एकावर एक. त्यातला खरा कोनता थे समजत नाई."

ज्याला खिळे दोन दिसतात त्याच्या हाती आपला बैल कोण देणार? आणि हातोडी खाली ठेवलेल्या नालबंदाला दुसरं येतं तरी काय? हुस्नाने त्या रात्री चूल पेटवली, भाकरी केल्या, सासूला वाढलं आणि सकाळी सोमलाला निरोप धाडला की गाडी जुंपून घेऊन ये, तिघांना कारंज्याला जायचं आहे.

कारंज्याच्या बाजारपेठेमागे डॉक्टर उत्तमराव खंडार यांचा छोटासा दवाखाना होता. पुढे ओसरी, मागे एक खोली रोग्यांची, एक कापाकापीची, आणि त्यामागे डॉक्टरांचं बिऱ्हाड. पहिल्या मोठ्या लढाईत ते पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले होते आणि तिथून हात चांगला आणि तोंड वाईट घेऊन आले, असं लोक म्हणत. रोगी एक वाक्य जास्त बोलला तरी ते खेकसत. पण मेहबूबच्या डोळ्याखालच्या हाडावरून त्यांनी बोट फिरवलं ते इतकं हळू, की हुस्नाला नवल वाटलं.

"इथं पायरी लागते," ते म्हणाले. "हाड तुटून खाली बसलंय. वर पाहा रे."

मेहबूबने वर पाहिलं. उजवा डोळा वर गेला. डावा अर्ध्या वाटेत अडकला, दावं बांधलेल्या जनावरासारखा.

डॉक्टरांनी समोर बसून समजावलं, कारण न समजावता कापायचं नाही एवढी त्यांची एक चांगली सवय होती. डोळा हाडाच्या वाटीत बसतो. त्या वाटीचा तळ पातळ असतो आणि त्याच्याखाली गालात पोकळ खोली असते. लाथेने तो तळ फुटला होता आणि डोळ्याखालचं मांस फटीतून त्या खोलीत लोंबत होतं. म्हणून डोळा खाली गेला, म्हणून वर वळत नाही, म्हणून एकाचे दोन.

"वरचा ओठ उचलून, दातांच्या वरून आत शिरायचं," ते म्हणाले. "गालातल्या पोकळीतून बोटानं तो तळ वर ढकलायचा. अन् छत खचलं की खालून टेकू देतो तसं औषधाच्या कापडाची लांब पट्टी आत ठासून भरायची. हाड धरलं की पट्टी ओढून काढायची. बाहेर चेहऱ्यावर वण नाही. पण आत्ताच करावं लागेल. हाड वाकडं जुळलं की मग माझ्याच्यानं होणार नाही."

"तुमी हे केलं हाये का पहिले?" हुस्नाने विचारलं. रहमतबीने तिला कोपर मारलं, पण शब्द सुटून गेले होते.

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "लढाईत करताना पुष्कळ पाहिलं. माझ्या हातानं दोनदा. एकाची नजर सरळ झाली."

"अन् दुसऱ्याची?"

"टेकू जास्त दाबला गेला. डोळ्यामागची नस चेपली. तो डोळा गेला."

रहमतबी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चाल बेटा घरी. डोळा दुखन्यातला का व्हईना, हाये तर खरा." तिचं काही चूक नव्हतं. आईने दुसरं काय म्हणायचं असतं? हुस्ना गप्प राहिली, कारण हो म्हटलं आणि डोळा गेला तर जन्मभर तो शब्द तिच्या गळ्यात अडकणार होता, आणि नाही म्हटलं तर हातोडी जाणार होती.

"करा, डाक्टरसाहेब," मेहबूब जमिनीकडे पाहत म्हणाला. "अशा डोळ्याचं म्या काय करू?"

दुसऱ्या दिवशी उजेड चांगला वर आल्यावर त्याला आत घेतलं. कंपाउंडर रामकिसनने तोंडावर जाळी ठेवून क्लोरोफॉर्मचे थेंब टाकले, त्याचा गोडसर वास दाराच्या फटीतून ओसरीवर आला. रहमतबीच्या बोटांतून तसबीचे मणी पळत होते. हुस्ना आतल्या आवाजांवर जीव टांगून बसली होती. भांड्यात काहीतरी धातूचं पडलं. डॉक्टर रामकिसनवर ओरडले, "आरसा धर नीट, ऊन आत पाड." मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत तिच्या मनाने तो डोळा शंभरदा गमावला आणि शंभरदा परत मिळवला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती. "तळ वर आला," ते म्हणाले. "पट्टी भरली. आता तो तिथं राहील का नाही हे तुमच्या हाती."

रहमतबी मध्ये काहीबाही विचारायला लागली तशी त्यांनी हुस्नालाच बाजूला घेतलं. "नीट ऐक बाई. नाक शिंकरायचं नाही. तपकीर हुंगायची नाही. नाक अन् गालाची ती पोकळी आतून एकच आहे. शिंक आलीच तर तोंड मोठं उघडून येऊ द्यायची. नाक-तोंड दाबून धरली तर सगळी हवा फुटक्या तळातून वर डोळ्यामागं घुसेल. समजलं?"

"समजलं."

तिला समजलं होतंही. पण नवऱ्याच्या उशाशी जाऊन ती एवढंच म्हणाली, "शिंकायचं नाई बरं का. बिलकूल नाई." पुढचं सांगणार तोच रामकिसनने रक्ताची फडकी धुवायला हाक मारली आणि राहिलेलं अर्धं तिच्या मनातच राहिलं. पुढे सगळं सुरळीत चाललं, त्यामुळे ते राहिलंय हेही ती विसरली. माणूस मोठी गोष्ट जिवापाड जपतो आणि लहानशी हातातून निसटते, त्याला काय करणार.

सुरळीत म्हणजे खरंच सुरळीत. मेहबूब कण्यांची पेज चमच्याने प्यायचा, तोंडातून पिवळ्या औषधाचा उग्र वास यायचा, गाल टणक लागायचा. पण डोळ्यावरची पट्टी बदलताना डॉक्टर रोज डोळा पाहायचे आणि खेकसायचे नाहीत, यावरून हुस्ना काय ते समजून घ्यायची. डोळा जागेवर आला होता. दोन्ही बुबुळं एका रेघेत दिसत होती.

मग एका दुपारी सोमला आला. कापूस विकून परत निघालेला, हातात तांड्यावरच्या तुपाची लोटी. अपराध्यासारखा दारात उभा राहिला. डॉक्टर नुकतेच डोळ्यावरची पट्टी काढून, गालातली जराशी सैल करून गेले होते. त्याने मेहबूबचा चेहरा पाहिला आणि त्याचा स्वतःचा चेहरा उजळला.

"अरे वा बाप्पा," तो मोकळ्या मनाने म्हणाला. "डोळा तर पहिल्यापेक्षा साजरा दिसून राह्यला."

एवढंच बोलला. तूप ठेवलं, मेहबूबचे पाय शिवले आणि गेला. आणि त्याच्या गाडीच्या चाकांचा आवाज बाजारात मिसळतो न मिसळतो तोच मेहबूब कण्हायला लागला. डोळा ठणकत होता, कडेला लाली आली होती. आतली पट्टी हलवल्यावर असं व्हायचंच, पण ते कुणाला ठाऊक?

"नजर," रहमतबी म्हणाली. तिला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. "तोंडानं साजरा म्हनला अन् पाहून राह्यली का, कसा लाल झाला? उतरवा लागते."

"अम्मा, डाक्टरले विचारू."

"जेवाले बसले थे. अन् काय विचारशीन? नजरेचं औषध हाये का त्याच्यापाशी?"

हुस्नाने विचार केला. खरंच केला, उगाच सासूच्या मागे गेली नाही. डॉक्टरांनी नाक शिंकरायला मना केलं होतं, तपकिरीला मना केलं होतं. मिरचीचं नावही घेतलं नव्हतं. शिवाय तीही अशाच घरात वाढलेली, लहानपणी तापात तिच्या स्वतःच्या अंगावरून मिरच्या उतरवल्या होत्या आणि सकाळी ताप उतरला होता. आपण काही न करता बसलो आणि त्या लालीतून पुढे काही झालं तर? तरी तिने एक अट घातली. खोलीत काही जाळायचं नाही. मिरच्या त्याच्यावरून उतरवायच्या आणि बाहेर अंगणात नेऊन जाळायच्या. खोलीतला माणूस सांभाळायचा म्हणून तिने घातलेली ही अट, आणि तिथेच सगळं फसलं.

रहमतबीने मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या खाटेवर पडलेल्या मुलावरून पुटपुटत ओवाळल्या. रामकिसन हत्यारं उकळायला वापरायचा ती शेगडी अंगणात भिंतीशी धगधगत होती. तो स्वतः औषधांचं पार्सल सोडवायला स्टेशनवर गेला होता. रहमतबीने मूठ निखाऱ्यांवर टाकली. मिरच्या तडतडल्या, धूर उठला. दोघी वाट पाहत उभ्या राहिल्या.

ठसका आला नाही. डोळ्यांना पाणी नाही, घशाला खवखव नाही, काही नाही. मिरच्या जाळून खकाणा उठला तर साधी गोष्ट, पण खकाणाच उठला नाही तर नजर जबरदस्त, हे हुस्नाला शेंबड्या वयापासून माहीत होतं.

"पाहिलं?" रहमतबी म्हणाली. "आगीनं मिरच्या खाल्ल्या अन् वास नाई. लय भारी नजर हाये, हुस्ना. आन आनखीन."

हुस्नाने आणखी आणल्या. दुसरी मूठ पडली, मग तिसरी. दोघींच्या पाठीवर फाल्गुनातला वारा सपाटून लागत होता. तो धूर त्यांच्या तोंडापासून उचलून भिंतीला लागून वर नेत होता, आणि भिंतीत डोक्याच्या उंचीवर मेहबूबच्या खोलीची खिडकी होती. ती उघडी होती. हुस्नाच्या हे लक्षात आलं तेव्हा ती चौथी मूठ हातात घेऊन उभी होती.

आतून आवाज आला. शिंकेचा नव्हे. कोंडून धरलेला, घशातल्या घशात फुटलेला आवाज. एकदा, आणि लगेच पुन्हा. मग मेहबूब ओरडला.

ती धावत आत गेली. खोलीत धुराने काही दिसत नव्हतं, तिला स्वतःला ठसक्यावर ठसके यायला लागले. मेहबूब खाटेवर उठून बसला होता. दोन बोटांनी त्याने नाक घट्ट चिमटीत धरलं होतं, ओठ मिटून दाताखाली दाबले होते. शिंकायचं नाही असं बायकोने सांगितलं होतं ना, तो जिवाच्या आकांताने तिचं ऐकत होता. आणि त्याचा डावा डोळा तिच्या डोळ्यांदेखत फुगत होता. वरची पापणी, खालची पापणी, कड, सगळं वर येत येत मुठीएवढं झालं.

"तोंड उघडा," ती किंचाळली. "तोंड उघडून शिंका. दाबू नका."

तिसरी शिंक त्याने तोंड उघडून सोडली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डॉक्टर उष्ट्या हातानेच आले. दारात त्यांना वास आला, त्यांनी एकदा शेगडीकडे, एकदा दोघींकडे पाहिलं आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचं खेकसणं परवडलं असतं. "खाट बाहेर घ्या," एवढंच म्हणाले. दोघी बायकांनी आणि त्यांनी मिळून खाट ओसरीवर आणली. हात धुऊन त्यांनी त्या फुगवट्यावर बोट दाबलं. बोटाखाली कुरकुर वाजलं, कोरड्या मिठावर बोट दाबल्यासारखं.

"हवा भरलीय," ते म्हणाले. त्यांनी पापण्या जोर करून वेगळ्या केल्या. आतला डोळा दगडासारखा ताठ होऊन बाहेर आला होता. उजव्या डोळ्यावर त्यांनी तळहात झाकला आणि डाव्यासमोर आरशाने सरळ ऊन पाडलं. "काय दिसतं?"

"काई नाई."

"ऊन आहे समोर. नीट पाहा."

"नाई दिसत, डाक्टरसाहेब. अंधार हाये."

रहमतबी मटकन खाली बसली. डॉक्टर आतून कात्री आणि चिमटा घेऊन आले, चुलीवरच्या उकळत्या पाण्यातून काढलेले, वाफाळते. "मागं नस चेपली जातेय. कडेला चीर देऊन वाट मोकळी करावी लागेल, आत्ताच. गुंगी द्यायला रामकिसन नाही, अन् थांबायला वेळ नाही." ते हुस्नाकडे वळले. "डोकं धरशील? केसभर हललं तर कात्री डोळ्यात जाईल. धरवत नसेल तर आत्ता सांग."

"धरतो," ती म्हणाली. दुसरं कोण होतं?

तेव्हा मेहबूब बोलला. "माहे हात बांधा," तो म्हणाला. "अन् पायही. गाठ सैल ठेवू नका." आयुष्यभर जनावरं बांधत आलेला माणूस. बांधलेल्या जिवाला कळ आली की तो काय करतो हे त्याला पुरतं माहीत होतं. रहमतबीने आपली ओढणी काढली, तिच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि रडत रडत पोराला खाटेच्या दांड्यांशी करकचून बांधलं.

हुस्ना उशाशी गुडघ्यांवर बसली. त्याचं डोकं तिने दोन्ही मांड्यांत आवळलं, तळहात कानांवर रोवले. त्याच्या कानशिलाची शीर तिच्या अंगठ्याखाली उडत होती. डॉक्टर वाकले. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात कात्रीचं टोक गेलं आणि कातडी कापल्याचा बारीकसा आवाज झाला. मेहबूबचं सगळं अंग धनुकलीसारखं ताणलं, खाट करकरली. डोकं हललं नाही. तिने मान वळवली नाही की डोळे मिटले नाहीत, कारण हे आपणच आणलंय आणि आता नजर चोरायची नाही, असं तिला वाटत होतं.

"अजून," डॉक्टर म्हणाले. चिमट्याने त्यांनी चीर फाकवली आणि खालच्या पापणीवर बोट दाबत दाबत बाहेरच्या कोपऱ्याकडे नेलं. रक्ताबरोबर बुडबुडे आले. पुन्हा दाबलं, पुन्हा बुडबुडे. फुगवटा ढिला पडत गेला. डॉक्टरांच्या नाकावरून घाम ओघळून मेहबूबच्या गालावर पडत होता आणि ते तो पुसत नव्हते.

आरसा पुन्हा आला. ऊन पुन्हा त्या डोळ्यावर पडलं.

"काय दिसतं?"

हुस्नाच्या तळहाताखाली मेहबूबचे जबडे आवळले, सैल झाले. अल्लाच्या नावाने तिने मनात काय काय कबूल केलं ते तिचं तिला ठाऊक.

"अंधारच हाये," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चीर आणखी थोडी फाकवली. शेवटचा मोठा बुडबुडा आला. आरसा हलवून त्यांनी ऊन बाजूला नेलं, परत आणलं.

"आता कायतरी आलं," मेहबूब म्हणाला. "लाल लाल. गेलं. आलं आता." तो थांबला. "ऊन हाये थे."

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसले. मग तोंड उघडायला लावून त्यांनी आत पाहिलं. आतली पट्टी जागची हलली नव्हती. तेव्हा कुठे त्यांना राग आठवला. "मिरच्या कुणी जाळल्या?"

"म्या," हुस्ना म्हणाली.

"नाई साहेब, म्या," रहमतबी म्हणाली. "थे नाई म्हनत व्हती."

"दोघी मिळून खिडकी तरी लावायची होती," डॉक्टर म्हणाले आणि टाके घालायला सुई ओवू लागले. आणखी काही बोलले असते तर बरं झालं असतं असं हुस्नाला वाटलं.

रात्री सासूला झोप लागल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. "डाक्टरनं मले म्हनलं व्हतं, शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्याची. म्या तुमाले अर्धंच सांगतलं."

"मिरचीचा वास मले आला व्हता," मेहबूब पट्टीखालून म्हणाला. "अम्मा माह्यासाठी करून राह्यली, मंग कायले बोलावं, असं वाटलं. खिडकी लाव म्हनाले पायजे व्हतं." मग त्याने अंधारात चाचपून तिचं मनगट धरलं. तिचं रडू तेव्हा फुटलं.

हाड धरल्यावर डॉक्टरांनी गालातली ती लांबलचक पट्टी ओढून काढली आणि डोळा तपासला. बोट समोर धरलं, एक. खाली नेलं, एक. डावीकडे, उजवीकडे, एकच. मग बोट वर गेलं.

"दोन," मेहबूब म्हणाला.

डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. समोर आणि खाली नजर सरळ होती. वर पाहिलं की डावा डोळा थोडा मागे राहत होता. तो आता तसाच राहील, ते म्हणाले. परत कापलं तर आहे तेही बिघडेल.

हुस्नाने त्यांना एकट्याला गाठून विचारलं. "साहेब, हे लाथीनं झालं, का त्या दिवशीच्या धुरानं?"

त्यांना खोटं बोलून तिला मोकळं करता आलं असतं. पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. "मला नाही सांगता यायचं, बाई," ते म्हणाले. "लाथेनंही असं होतं अन् त्यानंही. कुणालाच सांगता यायचं नाही."

मेहबूबला त्याचं काही वाटलं नाही. निघताना तो डॉक्टरांना म्हणाला, "बैल तर खालीच असते, साहेब." आणि खरंच, पाडलेल्या बैलाकडे नालबंदाला वाकूनच पाहायचं असतं.

मंगरूळपिरात परतल्यावर पहिला बैल सोमलानेच आणला, तोच लाथ मारणारा. या वेळी गाठ मारून तो चार हात लांब जाऊन तोंड फिरवून उभा राहिला. तमाशा पाहायला अर्धा बाजार लोटला होता. मेहबूब खुराशी मांडी घालून बसला, नाल लावला, खिळा धरला. हुस्ना जेवणाचं फडकं घेऊन येत होती ती कोपऱ्यावरच थबकली. हातोडी पडली. खिळा खुराच्या कडेतून हवा तिथून, हवा तसा बाहेर आला. त्यामागून दुसरा, तिसरा. गाडीवानांनी शाबासकीचा गलका केला, मोकळा सुटलेला बैल चार पायांवर नीट चालत गेला, सोमलाने डोळे पुसले.

ती गर्दीतून पुढे झाली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भाकर आनली," ती म्हणाली.

बसल्या जागेवरून त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हसला. आणि तिच्या तोंडाकडे पाहता पाहता त्याने डावा डोळा मिटून घेतला.

बाजारात एकच हशा पिकला. भर रस्त्यात बायकोला डोळा मारतो, पाहा रे नालबंद, असं कुणीतरी म्हणालं, आणि सोमलासुद्धा पोट धरून हसला. मेहबूबही लाजून हसत होता. त्याने कुणाला काही सांगितलं नाही.

हुस्ना त्यांच्यात हसली नाही. तिने फडकं खाली ठेवलं आणि भर बाजारात, लोकांच्या पायांत, शेणमातीच्या जमिनीवर ती त्याच्यासमोर बसली, त्याच्याहून जरा खाली वाकून. मेहबूबने मिटलेला डोळा उघडला. ती भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवू लागली.